साय कंपन्यांची, ताक समाजाचे

२००६ च्या डिसेंबर महिन्यात आयर्लंडमध्ये एक बोधप्रद घटना घडली. तेथे दहा वर्षे आरोग्यविम्याचा व्यवसाय करणाऱ्या ‘बूपा’ या ब्रिटिश संस्थेने गाशा गुंडाळून देश सोडण्याचे जाहीर केले. तिचा धंदा बुडाला होता असे नव्हे. धंदा उत्तम चालला होता आणि हिशेबाच्या वह्या नफा दाखवीत होत्या. तिची तक्रार निराळीच होती. ज्या विमासंस्थेकडे तरुण व धडधाकट ग्राहक अधिक आहेत तिने आपल्या उत्पन्नातील काही वाटा, वृद्ध व आजारी ग्राहक जिच्या पदरी अधिक पडले आहेत त्या संस्थेला द्यावा, असा नियम आयरिश सरकार अमलात आणू पाहत होते. बूपाने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. नोव्हेंबरात तेथील उच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि महिनाभरातच निघून जाण्याची घोषणा झाली. आजाऱ्यांचा भार वाटून घ्यावा लागणार असेल तर हा बाजारच आम्हांस नको, हा त्या घोषणेचा सरळ अर्थ होता.

या नियमाला विमाशास्त्रात जोखीम-समानीकरण म्हणतात. शब्द जड आहे, आणि विमागणितज्ञांच्या कोष्टकांत तो असा काही दडून बसलेला असतो की, मोर्चात किंवा सभेत त्याचा उच्चार करावा असे कोणाही कार्यकर्त्याला वाटू नये. कंपन्यांना नेमके हेच हवे असते. ज्या प्रश्नावर कोट्यवधींच्या देवघेवी ठरतात आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याचे दार उघडे राहील की बंद होईल हे ठरते, तो प्रश्न ‘तांत्रिक’ म्हणून तज्ज्ञांच्या खोलीत ढकलला की लोकांनी त्यात लक्ष घालायचे कारण उरत नाही. वस्तुतः त्यातले गणित पाचवीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे.

समजा, एका गावात दोन विमा कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचे शंभर ग्राहक आहेत. तरुण माणसाच्या औषधपाण्यावर वर्षाला सरासरी १,००० रुपये खर्च होतात आणि वृद्धाच्या ७,००० रुपये. पहिल्या कंपनीने ८० तरुण आणि २० वृद्ध मिळवले. दुसरीच्या वाट्याला २० तरुण आणि ८० वृद्ध आले. पहिलीचा खर्च होतो २ लाख २० हजार, म्हणजे माणशी २,२००. दुसरीचा होतो ५ लाख ८० हजार, म्हणजे माणशी ५,८००. पहिली कंपनी ३,००० रुपये हप्ता लावूनही नफ्यात राहील. दुसरीने ५,८०० च्या खाली हप्ता आणला तर ती बुडेल आणि न आणला तर तिचे उरलेसुरले तरुणही पहिलीकडे पळतील. येथे पहिलीचा व्यवस्थापक दुसरीच्या व्यवस्थापकाहून तसूभरही अधिक कार्यक्षम नाही. त्याने डॉक्टरांशी चांगला करार केला नाही, की औषधे स्वस्तात मिळवली नाहीत. त्याने केवळ माणसे निवडली. समानीकरणाचा नियम म्हणतो की, दोनशे माणसांची सरासरी ४,००० आहे. तेव्हा प्रत्येक तरुणामागे ३,००० रुपये सामाईक निधीत भरा आणि प्रत्येक वृद्धामागे ३,००० रुपये त्यातून घ्या. पहिली कंपनी निव्वळ १ लाख ८० हजार भरते, दुसरीला तेवढेच मिळतात, आणि दोघींचाही माणशी खर्च ४,००० होतो. यापुढे ज्या कंपनीला दुसरीहून स्वस्त व्हायचे असेल तिने खरोखरच काम चांगले करून दाखवावे.

मोकळ्या स्पर्धेचे भक्त या हिशेबावर संतापतात यात आश्चर्य नाही. साबणाच्या किंवा सायकलच्या कारखानदाराला आपला ग्राहक कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते. साबण विकत घेणारा म्हातारा असला तरी साबणाचा उत्पादनखर्च वाढत नाही. विम्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. येथे मालाचा खर्च ग्राहकाच्या देहावर अवलंबून असतो. म्हणून विमा विकणाऱ्याचे पहिले कौशल्य ग्राहक मिळवण्यात नसते, नको तो ग्राहक टाळण्यात असते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातच पासष्टीपुढच्या माणसाला आरोग्यविमा मिळणे का दुरापास्त होते याचे विवेचन आहे. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण बाजाराची तरफदारी करणाऱ्यांनी त्यातले हे पान फारसे उघडलेले दिसत नाही.

कायद्याने कंपन्यांना कोणालाही नकार देण्याची आणि आजाऱ्याला जादा हप्ता लावण्याची बंदी केली, म्हणजे प्रश्न सुटतो असे काही भाबड्या सुधारकांना वाटते. प्रत्यक्षात तो तेथूनच सुरू होतो. दारावरचा पहारेकरी हटवला तरी दाराचा रस्ता कंपनीच्या हातात राहतो. जाहिरात कोणासाठी करायची, कोणत्या शस्त्रक्रियेची भरपाई कमी ठेवायची, कोणत्या नामांकित कर्करोग-रुग्णालयाशी करारच करायचा नाही, दावा करणाऱ्याला किती हेलपाटे घालायला लावायचे, अशा शंभर वाटांनी आजारी माणसाला न सांगता सांगता येते की, बाबा रे, तू दुसरीकडे जा. दुधावरची साय काढून घेऊन ताक दुसऱ्याच्या भांड्यात ओतण्याची ही कला आहे.

आयर्लंडमध्ये हे सगळे कसे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या कायद्याने तेथे व्हीएचआय ही सार्वजनिक, ना-नफा विमासंस्था स्थापन झाली. जवळजवळ चार दशके ती एकटीच होती आणि तरुण असो की वृद्ध, एका योजनेला एकच हप्ता घेत होती. (ही व्यवस्था समाजवाद्यांनी आदर्श मानावी अशी मुळीच नव्हे. सार्वजनिक रुग्णालयांतील रांग टाळून पुढे जाण्याची सोय ऐपतदारांना देणारा तो विमा होता व आहे. मात्र पुढे लोकसंख्येचा जवळपास निम्मा भाग त्यात आला, त्यामुळे प्रश्न मूठभरांचा राहिला नाही.) युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या निर्देशानुसार हे क्षेत्र स्पर्धेला खुले करावे लागले. १९९४ च्या आयरिश कायद्याने सर्वांना समान हप्ता, कोणालाही नकार नाही आणि एकदा दिलेले संरक्षण जन्मभर, अशा तीन अटी घातल्या आणि समानीकरणाची तरतूदही ठेवली. १९९७ च्या सुमारास बूपा आली. तिच्याकडे कोण गेले? नव्याने नोकरीला लागलेले, नव्याने विमा घेणारे, म्हणजे बहुतांशी तरुण. सत्तरीचा माणूस ज्या संस्थेत तीस वर्षे हप्ते भरीत आला ती सहसा सोडत नाही. बूपाने कोणालाही हाकलले नाही. वयानेच तिचे काम केले.

मग समानीकरणाचे काय झाले? १९९६ साली केलेली पहिली योजना एकदाही देवघेव न होता १९९९ साली रद्द झाली. २००३ साली दुसरी आली. प्रत्यक्ष देवघेव सुरू करण्याचा निर्णय घ्यायला २००५ ची अखेर उजाडली, आणि तो घेतला कोणी, तर मुक्त बाजाराचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्या आरोग्यमंत्री मेरी हार्नी यांनी! म्हणजे हा काही डाव्यांचा हट्ट नव्हता. बाजार चालवायचा तर हे केल्यावाचून गत्यंतर नाही, हे बाजारवाद्यांनाच कळून चुकले होते. त्यानंतर बूपा न्यायालयात गेली, हरली, आणि तिचा व्यवसाय २००७ साली एका आयरिश उद्योगसमूहाने घेतला. युरोपीय न्यायालयाने २००८ च्या फेब्रुवारीत ही योजना वैध ठरवली. पण त्याच वर्षीच्या जुलैत आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली. कारण काय? तर कायद्यातील ‘समान हप्ता’ या शब्दांचा अर्थ एका योजनेतील ग्राहकांपुरता आहे, साऱ्या बाजाराला तो लागू नाही! बारा वर्षे चाललेल्या वादाचा निकाल एका व्याख्येवर लागला. नव्या कायद्याने, आधी करसवलत व उपकराच्या तात्पुरत्या मार्गाने आणि मग १ जानेवारी २०१३ पासून स्वतंत्र निधी उभारून, हे काम मार्गी लागायला स्पर्धा सुरू झाल्यापासून दीड दशक उलटले. तोपर्यंत साय काढून झालेली होती.

आणि निधी आल्यावरही कंपन्या स्वस्थ बसल्या नाहीत. आज त्या चिमुकल्या देशात तीनशेच्या वर निरनिराळ्या विमा-योजना आहेत. त्यांतल्या काहींत सांधे बदलण्याच्या व डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची भरपाई कमी ठेवलेली असते. खुब्याचा सांधा आणि मोतीबिंदू हे कोणत्या वयाचे आजार आहेत हे सांगण्याची आवश्यकता नाही. पंचविशीच्या ग्राहकाला अशी योजना स्वस्त पडते, साठीच्या ग्राहकाला ती निरुपयोगी असते, आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघांनाही हप्ता समानच असतो.

येथे बूपाविषयी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. या संस्थेला भागधारक नाहीत. तिचा नफा कोणा मालकाच्या खिशात जात नाही. तरीही ती तशीच वागली. म्हणून या प्रकाराला केवळ भांडवलदाराच्या लोभाचे नाव देऊन चालणार नाही. बाजाराची रचनाच अशी आहे की, जी संस्था आजाऱ्यांचे मनापासून स्वागत करील ती दिवाळखोर होईल. सत्प्रवृत्त संचालक नेमून हा दोष दूर होत नाही.

नियोजित स्पर्धेचे पुरस्कर्ते यावर नेदरलँड्सचे उदाहरण पुढे करतात. अमेरिकेत अ‍ॅलन एंथोव्हेन यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनीचे माजी प्रमुख विसे डेकर यांच्या समितीने १९८७ साली तिचा आराखडा केला. १ जानेवारी २००६ पासून तेथे प्रत्येक नागरिकाला खाजगी कंपनीचा मूलभूत विमा सक्तीचा झाला. कंपनीला नकार देता येत नाही, आणि उत्पन्नावर आकारलेली वर्गणी समानीकरणाच्या निधीत जाऊन तेथून ग्राहकांच्या प्रकृतीनुसार कंपन्यांना वाटली जाते. हे सूत्र १९९३ साली वय व लिंग एवढ्यावरच होते. मग त्यात दीर्घकालीन औषधांचे गट आले, निदानांचे गट आले, उत्पन्नाचा मार्ग आला. जगातील अत्यंत काटेकोर सूत्रांपैकी ते एक आहे हे मान्य केलेच पाहिजे, आणि डच नागरिकाला आजारपणामुळे विमा नाकारला जात नाही ही लहान गोष्ट नव्हे. तरीसुद्धा रॉटरडॅमच्या विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ, ज्यांनी ही विद्या वाढवली तेच, वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत की, जुनाट आजाराचे काही गट कंपनीला अजूनही तोट्याचे पडतात आणि तो तोटा आधीच ओळखता येतो. सूत्र एक पाऊल पुढे टाकते, कंपनी दोन. सामूहिक करारावर दहा टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा होती. ती २०२० साली पाच टक्क्यांवर आणावी लागली आणि २०२३ साली काढूनच टाकावी लागली. सक्तीने स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम २००८ साली १५० युरो होती, ती २०१६ साली ३८५ युरोवर गेली. शिवाय आणखी ५०० युरोंचा बोजा स्वेच्छेने पत्करणाऱ्याला हप्त्यात सूट. अशी स्वेच्छा धडधाकट माणसाखेरीज कोणाला परवडते?

जर्मनीचा अनुभव आणखी विलक्षण आहे. तेथे १९९६ पासून कामगारांना आपला आजारनिधी निवडण्याची मोकळीक मिळाली. समानीकरण त्याआधी, १९९४ पासून, सुरू झाले होते. २००९ साली त्यात ८० आजारांचा हिशेब धरला गेला. झाले, वाऱ्याची दिशा फिरली! आतापर्यंत आजारी माणूस नकोसा होता. आता कागदावर तो अधिकाधिक आजारी असणे फायद्याचे झाले. २०१६ साली तेथील एका मोठ्या आजारनिधीचे प्रमुख येन्स बास यांनी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत उघड सांगितले की, रुग्णाची अवस्था अधिक गंभीर नोंदवावी म्हणून निधी डॉक्टरांना पैसे देतात आणि आपली संस्थाही यापासून पूर्णपणे अलिप्त राहू शकत नाही. पुढल्याच वर्षी कायदा करून याला आवर घालावा लागला. अमेरिकेत वृद्धांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना खाजगी कंपन्यांमार्फत घेण्याची सोय आहे. तेथेही निदानांची नोंद फुगवण्याचा आणि निरोगी वृद्ध वेचण्याचा धंदा इतका बोकाळला की, हेच लोक मूळ सरकारी योजनेत असते तर जेवढा खर्च आला असता त्याहून २०२५ साली ८४ अब्ज डॉलर अधिक द्यावे लागतील, असा अंदाज अमेरिकी संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगाने त्या वर्षी वर्तवला. एकाच निधीत हा प्रश्न उद्भवत नाही. जेथे सगळे एकाच थाळीत जेवतात तेथे कोणाच्या पानात किती वाढले याचा हिशेब लागत नाही.

तेव्हा समानीकरण हे फसवे ठिगळ आहे, त्यात समाजवाद्यांनी कशाला पडावे, असा निष्कर्ष काही उतावीळ मित्र काढतील. तो चूक आहे, आणि तो किती महागात पडतो हे स्वित्झर्लंडने दाखवले आहे. तेथे १९९६ पासून सक्तीचा विमा व अनेक स्पर्धक संस्था अशी व्यवस्था आहे. समानीकरण १९९३ पासून वय आणि लिंग यांवर, आणि तेही ‘तात्पुरते’ म्हणून सुरू झाले. डाव्यांनी सार्वजनिक एकच निधी असावा यासाठी जनमत घ्यायला लावले. २००७ साली ७१ टक्क्यांनी ते फेटाळले गेले. २०१४ साली पुन्हा प्रयत्न झाला. जिनिव्हा, व्हो, न्यूशाटेल आणि ज्युरा या फ्रेंचभाषी प्रांतांनी कौल दिला, पण देशात सुमारे ६२ टक्के लोक विरोधात गेले. मागणी योग्यच होती. पण दरम्यान काय चालले होते? समानीकरणाच्या सूत्रात आदल्या वर्षीच्या रुग्णालयवासाचा घटक यायला २०१२ साल उजाडले आणि औषधगटांचा घटक २०२० साली आला. मधली सोळा वर्षे एकाच वयाच्या दोन स्त्रियांपैकी मधुमेही कोण आणि निरोगी कोण, हे सूत्राला दिसत नव्हते. कंपनीला मात्र दिसत होते. एकाच समूहाने चार-चार नावांच्या विमासंस्था काढायच्या, नव्या नावाखाली स्वस्त हप्त्याने तरुण गोळा करायचे आणि जुने आजारी जुन्याच नावाखाली महाग हप्ता भरीत ठेवायचे, हा तेथील सर्वपरिचित खेळ होता. अंतिम ध्येयासाठी लढताना सूत्रातल्या एका घटकासाठी लढणे कमीपणाचे मानले की त्याची किंमत मधुमेही बाई चुकवते.

कंपन्यांच्या बाजूने जे तात्त्विक आक्षेप घेतले जातात त्यांना फार जागा देण्याचे कारण नाही. समानीकरण म्हणजे अकार्यक्षम संस्थेला बक्षीस, हा त्यांतला लाडका आक्षेप. निधी कंपनीच्या प्रत्यक्ष खर्चावर दिला तर तो खराच आहे. म्हणूनच नेदरलँड्स व जर्मनीत तो मुख्यतः त्या प्रकारच्या रुग्णाच्या सरासरी खर्चावर देतात. उधळपट्टी करणारी कंपनी आपल्या उधळपट्टीचा भार स्वतःच सोसते. दुसरा आक्षेप मालमत्तेच्या हक्काचा. पण निरोगी ग्राहकाचे आरोग्य ही कंपनीची मालमत्ता केव्हापासून झाली?

आता भारताकडे वळावे लागेल, कारण येथे हा प्रश्न कोणी विचारीतही नाही. १९७२ च्या कायद्याने १०७ सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांनीच १९८६ साली मेडिक्लेम आणली. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले, पुढे केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्याही आल्या. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९, २०२१ साली ७४ झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्के करण्याची घोषणा झाली. २०२१ सालीच सरकारी विमा कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के वाटा असण्याची अट संसदेने काढून टाकली. या साऱ्या प्रवासात आयर्लंडने पहिल्याच दिवशी कागदावर तरी लिहिलेली गोष्ट, म्हणजे सर्वांना समान हप्ता आणि जोखमीची वाटणी, येथे कागदावरही आली नाही.

विमा नियामकाने २०२४ साली नवी पॉलिसी घेण्यासाठी असलेली वयाची मर्यादा काढली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. दार उघडले खरे, पण उंबरा किती उंच ठेवायचा ते कंपनीच्याच हाती राहिले; सत्तरीच्या माणसाला नकार देता येत नसेल तर त्याला परवडणार नाही असा हप्ता सांगता येतो. २०२० सालची ‘आरोग्य संजीवनी’ घ्या. प्रत्येक कंपनीने विकायची, सर्वत्र तेच संरक्षण, त्याच अटी. हप्ता मात्र ज्याचा त्याने ठरवायचा आणि वयानुसार चढवायचा. २०२५ च्या जानेवारीत नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी विचारा, असे बजावले. हेतू चांगला आहे. पण समानीकरणावाचून हप्त्याला लगाम घालणे म्हणजे ज्या कंपनीने म्हाताऱ्यांना सांभाळले तिलाच दंड करणे होय. जिने पंचविशीची मुले वेचली तिला या लगामाची झळही पोचत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के कर उठला हे ठीक झाले. त्याने सायीची वाटणी बदलली नाही.

सरकारी विमा कंपन्या या व्यवहारात किती पोळल्या हे सर्वज्ञात आहे; त्यांतल्या तिघींना सरकारला भांडवल पुरवावे लागले. त्यास त्यांची स्वतःची ढिलाईही कारण आहे, विशेषतः मोठ्या उद्योगांना तोट्यात विकलेल्या ग्रुप पॉलिसी. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मेडिक्लेमच्या काळापासून सोबत वाढलेले ग्राहक आज साठी-सत्तरीचे झाले आहेत आणि ते बहुतांशी याच कंपन्यांच्या वह्यांत आहेत, हेही झाकता येणार नाही. त्यांचा तोटा उद्या विक्रीचा पुरावा म्हणून पुढे येईल. आयर्लंडच्या सार्वजनिक संस्थेवर हाच आरोप झाला होता.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. त्याला कोणी समाजवादी विरोध करणार नाही. अंमलबजावणी कशी होते ते पाहणे वेगळे. परंतु या निर्णयाने विम्याच्या बाजाराची कशी वाटणी झाली ते लक्षात घ्या. कारखान्यात व कचेरीत असेतो माणूस ग्रुप पॉलिसीत, म्हणजे तिशी-चाळिशीचा हप्ता कंपनीकडे. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त झाला की ती पॉलिसी संपली. मधली दहा-बारा वर्षे तो स्वतःच्या खर्चाने, चढत्या हप्त्याने, जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळासह. आणि सत्तरीनंतर सार्वजनिक तिजोरीवर. साय वेचून झाल्यावर उरलेले ताक समाजाच्या भांड्यात आले. साय नेणाऱ्याने त्यासाठी दमडी मोजली नाही. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खाजगी आरोग्य पॉलिसीमागे ठराविक रक्कम एका सामाईक निधीत यावी, वृद्ध व दीर्घ आजारी ग्राहक सांभाळणाऱ्या कंपन्यांना त्यातून वाटा मिळावा, आणि सत्तरीपुढच्यांचा भार उचलणारी सरकारी योजनाही त्या निधीची हक्कदार असावी, एवढी मागणी अतिरेकी म्हणता येईल काय?

असे काही भारतात शक्य नाही, असे सांगणाऱ्यांना मोटार विम्याची आठवण करून द्यावी. ट्रक व अन्य व्यापारी वाहनांच्या त्रयस्थ-पक्ष विम्यात तोटा होतो म्हणून कंपन्या ते टाळीत असत. १ एप्रिल २००७ पासून नियामकाने साऱ्या कंपन्यांना एका पुलात आणले आणि त्या विम्याचा तोटा प्रत्येकीच्या व्यवसायाच्या प्रमाणात वाटून दिला. पाच वर्षे तो चालला. तोटा सर्वांत वाटला जातो म्हणून दावे हाताळणारी कंपनी निष्काळजी राहते, असा अनुभव आला आणि २०१२ साली त्याची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. प्रत्यक्ष तोट्याऐवजी सरासरी खर्चावर वाटणी का करावी, याचा धडा त्यातच आहे. ट्रकची जोखीम वाटून घेता येते. मग निवृत्त गिरणी कामगाराची का येऊ नये?

अर्थात, ज्यांच्याकडे मुळात पॉलिसीच नाही अशा शेतमजुराला आणि फेरीवाल्याला हा सारा वाद परका वाटेल. त्याला औषध असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र हवे, आणि त्याची जागा कोणतेही समानीकरण घेऊ शकत नाही. विम्याच्या बाजाराची शिस्त लावण्याच्या नादात सार्वजनिक रुग्णालयांच्या मागणीचा आवाज मंदावता कामा नये, हे पक्षाच्या आरोग्यविषयक ठरावांत स्पष्ट असले पाहिजे.

आणि जोखमीची वाटणी कशी असावी याचा एक नमुना याच देशात आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना हप्ता ठरवताना कामगाराचे वय विचारीत नाही, मधुमेह विचारीत नाही. २०१९ पासून वेतनाच्या चार टक्के, त्यांतले सव्वातीन मालकाचे आणि पाऊण टक्का कामगाराचा. निवृत्त कामगाराला, विमापात्र नोकरीची अट पुरी झाली असल्यास, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा घेण्याची सोय तिच्या नियमांत आहे. त्या दवाखान्यांची अवस्था कामगाराला सांगायला नको, पण तो दोष इमारतींचा, औषधपुरवठ्याचा आणि रिकाम्या जागांचा आहे. वर्गणीच्या तत्त्वाचा नाही. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ साली २१,००० रुपये केली आणि मग महागाई वाढत असताना ती वर्षानुवर्षे तेथेच ठेवली. पगार त्यापुढे गेला की तरुण कुशल कामगार निधीबाहेर पडतो आणि मालक त्याला ग्रुप पॉलिसीच्या हवाली करतो. निधीला त्याची वर्गणी सर्वांत अधिक हवी असते त्याच वयात तो जातो. ही मर्यादा उठवावी अशी मागणी कामगार संघटना करतात. तिच्या शेजारीच, त्या ग्रुप पॉलिसीवर नफा मिळवणाऱ्या कंपनीने निवृत्तांच्या निधीत किती भरावे, हा प्रश्नही येत्या अधिवेशनांत मांडला गेला पाहिजे.